कोलिआंद्रो मराठीत: ‘इन्स्पेक्टर’ म्हणावं की ‘फौजदार’?

बिनसाखरेचा
इटलीच्या राय २ वाहिनीवरची ‘लिस्पेत्तोरे कोलिआंद्रो’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पात्र कार्लो लुकारेल्लीचं, दिग्दर्शन मानेत्ती बंधूंचं, मुख्य भूमिकेत जाम्पाओलो मोरेल्ली, गाव बोलोन्या. पहिला भाग २४ ऑगस्ट २००६ला लागला. प्रत्येक भाग दीड तासाच्या आसपासचा स्वतंत्र सिनेमाच. स्वारी गॉगल आणि लेदरच्या जाकिटात. डोकं बेताचं, तोंड फाटकं, मन मात्र वाईट नाही. चुकून भलत्याच मोठ्या प्रकरणात पाय अडकतो, दर भागात नवी मुलगी आवडते, गुन्हा उलगडतो, श्रेय दुसऱ्याला जातं, मुलगीही जाते.

पहिल्या हंगामातल्या चार भागांची (‘इल जोर्नो देल लूपो’, ‘इन त्रापोला’, ‘वेन्देत्ता चिनेसे’, ‘माजिया नेरा’) मराठी सबटायटल घरच्यांपुरती करायला घेतली आहेत, थेट इटालियनवरून. पहिल्याच ओळीला अडलोय. ‘इस्पेत्तोरे’चं काय करायचं? ‘इन्स्पेक्टर’ लिहिलं की आपला प्रेक्षक त्याला पोलीस ठाण्याचा प्रमुख समजणार. ‘फौजदार’ लिहिलं तर १९७५ सालचा तमाशापट वाटेल का?

खिडकीतला
इन्स्पेक्टर. इस्पेत्तोरे म्हणजे इन्स्पेक्टर. धागा संपला.

तीनफुल्या
संपला नाही. इटलीच्या पोलिसांतली उतरंड बघा. तळाला आजेन्ते आणि आस्सिस्तेन्ते, म्हणजे शिपाई-हवालदार. मग सोव्रिन्तेन्देन्ते. मग इस्पेत्तोरे. त्याच्या वर कोम्मिस्सारियोपासून अधिकारी वर्ग सुरू होतो, आणि तिथे थेट भरतीने जायला पदवी लागते. म्हणजे कोलिआंद्रो ज्या पायरीवर आहे तिच्या डोक्यावरच भिंत आहे. हाताखाली दोन माणसं असू शकतात, पण तपास त्याच्या नावावर नसतो. आपल्याकडे पीआय म्हणजे अख्ख्या ठाण्याचा मालक. कोलिआंद्रो आपल्या पीएसआयच्या जवळ जातो, म्हणजे फौजदारच. माझं मत फौजदाराला.

खिडकीतला
मग त्याचा साहेब, कोम्मिस्सारियो दे झान, त्याला काय म्हणणार, कमिशनर?

तीनफुल्या
तीच सगळ्यात मोठी चूक होईल. ‘पोलीस कमिशनर’ म्हटलं की मुंबई-पुण्याचे आयुक्त डोळ्यासमोर येतात. इटलीत आयुक्तांच्या जवळ जाणारं पद क्वेस्तोरे, आणि त्याची कचेरी ती क्वेस्तूरा. कोम्मिस्सारियो हा अधिकारी वर्गातला खालचाच टप्पा. सबटायटलमध्ये सरळ ‘दे झान साहेब’ लिहा. हुद्दा सांगायची वेळ क्वचित येते. तो बहुतेकदा ‘कोलिआंद्रो!’ असं खेकसत असतो, त्यावरून कोण वरचा ते कळतंच.

फोडणीचा_भात
बिनसाखरेचा, मशीनकडून पहिला कच्चा मसुदा करून घेणार असाल तर हे शब्द आधीच शोधून बाजूला काढा, नाहीतर हसून मराल, आणि चुकीच्या जागी.

‘दोत्तोरेस्सा’: मशीन ‘डॉक्टर’ करतं. लाँगी बाई डॉक्टर नाहीत, सरकार पक्षाच्या तपास-दंडाधिकारी आहेत. इटलीत पदवीधराला दोत्तोरे म्हणतात, त्यामुळे पोलिसांतले वरिष्ठ आणि न्यायखात्यातले लोक यांना सर्रास तीच हाक. आपल्याकडे तिथे ‘साहेब’ आणि ‘मॅडम’. कोलिआंद्रो त्यांच्यापुढे ‘सी, दोत्तोरेस्सा’ म्हणून मान खाली घालतो तिथे ‘होय मॅडम’. ‘हो डॉक्टर’ केलंत तर त्याला गोळ्या लिहून दिल्यासारखं वाटेल.

‘मोबिले’: स्क्वाद्रा मोबिले म्हणजे क्वेस्तूरातली गुन्हे शाखा. मशीन कधी ‘मोबाईल’ करतं, कधी ‘फिरतं पथक’. क्राइम ब्रँच लिहा, शेंबड्या पोरालाही कळतं.

‘वोलान्ते’: गस्तीची गाडी. मशीनला स्टिअरिंग वाटतं, कारण इटालियनमध्ये त्यालाही तोच शब्द.

‘पान्तेरा’: पोलिसांच्या गाडीचं टोपणनाव. मशीन रस्त्यावर बिबट्या सोडतं. काराबिनिएरी या तिथल्या दुसऱ्या पोलीसदलाची गाडी ‘गाझ्झेल्ला’, म्हणजे हरीण. दोन्ही एका प्रसंगात आल्या की बोलोन्याचं ताडोबा होतं.

‘स्पाच्चो’: हा सगळ्यात घातक. पोलिसांच्या आतलं सवलतीचं दुकान म्हणजे स्पाच्चो. अमली पदार्थांची किरकोळ विक्री म्हणजेसुद्धा स्पाच्चो. कोलिआंद्रोची शिक्षा म्हणून कधी दुकानावर, कधी पासपोर्टच्या खिडकीवर बदली होते. मशीन म्हणतं, ‘त्याला गर्द विकायला बसवलं आहे.’

नळावरची
फोडणीचा_भात, दंडवत! वाचनखूण साठवली.

पुस्तकातली_पाल
लाँगी बाईंच्या पदाबद्दल. इटालियन लोक बोलताना पुब्ब्लिको मिनिस्तेरोचं ‘पीएम’ करतात. ते तसंच ठेवू नका. मराठीत ‘पीएमला कळवा’ म्हटलं की दिल्लीला फोन लागतो, आणि पोलिसांच्या तोंडी ‘पीएम झालं का?’ म्हणजे शवविच्छेदन. खुनाच्या मालिकेत पीएम ओरडतंय, पीएम रागावलंय, असं दिसेल.

‘सरकारी वकील’सुद्धा पुरत नाही. आपला सरकारी वकील आरोपपत्रानंतर कोर्टात उभा राहतो, तपास पोलिसांचा. इटलीत २४ ऑक्टोबर १९८९पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार तपासाचा लगाम पीएमच्या हातात असतो आणि पोलीस त्यांच्या हुकमाखाली काम करतात. शिवाय ते न्यायाधीशांच्याच संवर्गातले. म्हणून लाँगी बाई घटनास्थळी येऊन कोलिआंद्रोला झापू शकतात. हे कळलं नाही तर प्रेक्षक विचारेल, ही वकीलबाई खुनाच्या जागी काय करतेय? पहिल्यांदा येतील तिथे एकदाच ‘तपास ज्यांच्या हाताखाली चालतो त्या मॅडम’ असा अर्थ वाक्यात मुरवा, पुढे नुसतं ‘लाँगी मॅडम’.

चहा_कटिंग
काराबिनिएरी आणि पोलीस वेगळे का? दोघांकडे पिस्तूल, दोघांकडे शिट्टी.

पुस्तकातली_पाल
पोलित्सिया गृहखात्याखाली. १९८१च्या १२१ क्रमांकाच्या कायद्याने तिचं लष्करी स्वरूप काढून ती नागरी केली. काराबिनिएरी आजही लष्करी दल, संरक्षण खात्याशी बांधलेलं. तिसरी ग्वार्दिया दि फिनान्झा, आर्थिक गुन्ह्यांसाठी, अर्थखात्याखाली. गंमत अशी की इटलीतले बावळट शिपायाचे पारंपरिक विनोद काराबिनिएरींवर असतात. लुकारेल्लीने बावळट माणूस पोलित्सियाच्या गणवेशाकडे नेला.

आणि त्यालाही पार्श्वभूमी आहे. १९८७ ते १९९४ या काळात बोलोन्या आणि आसपास ‘पांढऱ्या उनो’ची टोळी दरोडे घालत आणि माणसं मारत होती. उनो म्हणजे फियाटची छोटी गाडी. २४ जण मेले. ४ जानेवारी १९९१ला बोलोन्याच्या पिलास्त्रो भागात तीन काराबिनिएरी मारले गेले, आणि त्याची जबाबदारी ‘फालान्जे आर्माता’ या नावाने घेतली गेली. १९९४च्या शेवटी टोळी पकडली तेव्हा सहापैकी पाच जण पोलीस निघाले. त्यातले तिघे तर बोलोन्याच्या क्वेस्तूरातच नोकरीला. लुकारेल्लीची कोलिआंद्रोवरची ‘फालान्जे आर्माता’ ही कादंबरी १९९३ची, म्हणजे अटकेच्या आधीची. त्या शहरात त्या दशकात ‘मूर्ख पण प्रामाणिक पोलीस’ हा विनोद वाटतो तेवढा हलका नव्हता.

चहा_कटिंग
शिट्टीवर विचारलं होतं, हे वाचून चहा गार झाला.

वऱ्हाडी_ठेचा
मूळ मुद्दा बोलीचा आहे अन् त्याच्यावर कोणी बोलून नाही राहिलं. मोरेल्ली नेपल्सचा. बोलोन्या उत्तरेकडचं. दक्षिणेचा माणूस उत्तरेत नोकरी करतो, हा अर्धा विनोद. मग त्याला प्रमाण मराठी कायले बोलायला लावता? द्या वऱ्हाडी!

तीनफुल्या
ठेचा, सपशेल असहमत. मराठीत नाटक-सिनेमाने शंभर वेळा केलं आहे ते: नोकर असला की मालवणी, शिपाई असला की वऱ्हाडी, साहेब आला की सदाशिव पेठ. बोली म्हणजे बावळटपणा, हे समीकरण आपण पुन्हा कशाला छापायचं?

शिवाय मालिकेतच दोन दाक्षिणात्य स्वर आहेत आणि ते वेगळे आहेत. कोलिआंद्रोचा सहकारी गार्जूलो भोळा, त्याला गुरू मानणारा. त्याची बोली उघड आणि घट्ट. कोलिआंद्रो मात्र सिनेमातल्यासारखं सरळ, टणक बोलायला बघतो. दोघांना एकच बोली दिलीत तर हा फरक गेला.

वऱ्हाडी_ठेचा
गार्जूलोले देतो मग. तो भोळा हाय, बावळट नाही. आमची भाषा गोड लोकाले शोभते. मंजूर?

तीनफुल्या
मंजूर. पण हलक्या हाताने, क्रियापदांपुरती. सबटायटल वाचायला दोन सेकंद मिळतात, तेवढ्यात पुणेकराला ‘कायले’ उलगडायला वेळ नको.

नळावरची
आडनावंसुद्धा बोलतात हो. गार्जूलो म्हटलं की इटालियन माणसाला नेपल्सच्या बाजूचा वास येतो. गांबेरीनी, बेर्ताच्चीनी ही कोलिआंद्रोच्या सहकाऱ्यांची आडनावं बोलोन्याकडची, एमिलिया-रोमान्याची. दे झान व्हेनेतोकडचा, म्हणजे व्हेनिसच्या बाजूचा. आपल्याकडे पडद्यावर पेडणेकर, देशमुख आणि वानखडे आले की कोण कुठला ते सांगावं लागत नाही, तसं. सबटायटलमध्ये हे उतरणार नाही, पण निदान उच्चार तरी नीट लिहा. ‘जी-आय’पुढे ‘यू’ आला की ‘जू’, म्हणून गार्जूलो, ‘गार्गिउलो’ नव्हे. ‘जी-एच’ म्हणजे ‘ग’, म्हणून लाँगी, ‘लाँघी’ नव्हे. ‘जी-एन’ म्हणजे ‘न्य’, म्हणून बोलोन्या. जोडव्यंजन दुप्पट दाबा: मोरेल्ली, मानेत्ती, बेर्ताच्चीनी. देवनागरीत हे इंग्रजीपेक्षा कितीतरी चोख लिहिता येतं, तो फायदा सोडू नका.

खिडकीतला
शिव्यांचं काय? दर तिसऱ्या वाक्याला ‘कात्सो’ आहे.

फोडणीचा_भात
शब्दशः गेलात तर शरीरशास्त्राचा तास होईल. तिथे तो शब्द नुसता भरणा आहे, वाक्याला फोडणी. ‘च्यायला’ बसतं. आजी-आजोबा असतील तर ‘आयला’. ‘पोर्का मिझेरिया’ शब्दशः ‘डुक्कर दारिद्र्य’. पण अर्थ ‘बोंबला!’ किंवा ‘हात्तिच्या!’, कोलिआंद्रो किती खोल अडकलाय त्यावर. एक नियम पाळा: दर ‘कात्सो’ला ‘च्यायला’ लिहू नका. कानाला शिवी विरघळते, डोळ्याला छापील शिवी टोचते. तिनातली एक ठेवली की बास.

बिनसाखरेचा
आणि ‘बेस्तियाले’? ती त्याची खूण आहे. शब्दशः ‘जनावरी’.

चहा_कटिंग
जबरी.

नळावरची
कडक!

वऱ्हाडी_ठेचा
बेक्कार. मुळात वाईट शब्द, पण ‘बेक्कार आवडलं’ म्हणतात आता. बेस्तियालेचंही तेच झालं.

पुस्तकातली_पाल
ठेच्यांचा तर्क सुरेख, पण काळ चुकतो. बेस्तियाले ही ऐंशीच्या दशकातल्या तरुणांची बोली. कोलिआंद्रो २००६मध्येही ती वापरतो, म्हणून समोरची मुलगी त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघते. ‘बेक्कार’, ‘कडक’ हे आजचे शब्द, त्यांनी तो चालू काळातला होतो. ऐंशीत सिनेमाने गाजवलेला आणि आता जुनाट झालेला शब्द आपल्याकडे एकच आहे: झकास.

चहा_कटिंग
झकास म्हटलं की डोळ्यासमोर अनिल कपूर येतो.

पुस्तकातली_पाल
येऊ दे की! कोलिआंद्रोच्याही डोळ्यासमोर कायम कुठलातरी नटच असतो.

साडेतीनशेर
भाषेवर चर्चा छान चालली आहे, पण धागाकर्ते दीड तासाची फाईल करणार आहेत, तेव्हा तांत्रिक बाजू. यावरच बहुतेकांचं घोडं बसतं.

इटालियन मजकूर मिळवणं: राय कर्णबधिरांसाठी सबटायटल देते, टीव्हीवर तेलेव्हिदेओ या तिच्या मजकूर-सेवेचं (टेलिटेक्स्ट) ७७७ क्रमांकाचं पान. तो मजकूर संक्षिप्त असतो, बोललेलं सगळं त्यात नसतं. शिव्या आणि अर्धवट वाक्यं आधी गळतात. कानाने ताडून बघायला लागेल.

अक्षरांची गडबड: इटालियन फाईल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत असेल आणि सॉफ्टवेअर ती जुन्या पद्धतीने वाचत असेल तर आघाताचा ‘ए’ दोन विचित्र चिन्हांत फुटतो. काही जण वैतागून सगळे आघात काढून टाकतात. ते करू नका. बिनआघाताचा ‘ए’ म्हणजे ‘आणि’, आघाताचा ‘ए’ म्हणजे ‘आहे’. तो पुसला की मशीन ‘तो मेला आहे’चं ‘तो आणि मेलेला’ करतं.

वेळ न जुळणं, तीन प्रकार. पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर सगळी फाईल तेवढी सरकवा. सुरुवातीला बरोबर आणि हळूहळू मागे पडत असेल तर चित्रगतीचा घोळ: युरोपात सेकंदाला २५ चौकटी, आणि फाईल २३.९७६ची. नव्वदाव्या मिनिटाची ओळ खरंतर ८६ मिनिटं १९ सेकंदांना यायला हवी, म्हणजे पावणेचार मिनिटांचा घोळ. सगळ्या वेळा ०.९५९ने गुणा. तिसरा प्रकार, मधेच उडी: कोणीतरी टीव्हीवरून जाहिरातींसकट रेकॉर्ड केलेल्या प्रतीवर वेळ लावली आहे. तिथे प्रत्येक जाहिरातीनंतरचा तुकडा वेगळा सरकवावा लागतो, एका गुणाकाराने सुटत नाही.

देवनागरी: ओळीला ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, हा रूढ मापदंड. पण सॉफ्टवेअर मात्रा आणि हलन्त वेगळे मोजतं. ‘स्त्री’ डोळ्याला एक अक्षर, संगणकाला सहा. त्यामुळे मर्यादा ओलांडल्याचा लाल इशारा आला तरी घाबरू नका, मोठ्याने वाचून बघा. ओळ सेकंदापेक्षा कमी वेळ ठेवू नका. सहा सेकंदांच्या पुढे ठेवली तर माणसं तीच दुसऱ्यांदा वाचायला लागतात.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बघणार असाल तर आधी एक मिनिटाची चाचणी घ्या. पुष्कळ टीव्हींना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत: ‘पिस्तूल’मधली वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि ‘स्त’ची फोड होते. फाँट बदलून हे जात नाही, कारण जुळवणारं यंत्रच टीव्हीत नसतं. उपाय एकच, अक्षरं संगणकावर चित्रातच छापून घ्यायची. तेवढा वेळ राखून ठेवा.

नळावरची
+१. वेलांटीचा मुद्दा सोन्याचा.

खिडकीतला
अवांतर: ऑगस्टमध्ये मालिका सुरू कोणी करतं का? इटली तेव्हा समुद्रावर असते.

पुस्तकातली_पाल
म्हणूनच. चित्रीकरण होऊन मालिका बराच काळ पडून होती, मग उन्हाळ्यात सोडून दिली. तरी चालली. २०१०नंतर पुन्हा मोठा खंड पडला आणि थेट जानेवारी २०१६मध्ये परतली. स्वतः कोलिआंद्रोच्या नोकरीसारखंच: मधेच पासपोर्टच्या खिडकीवर बदली, मग गरज पडली की परत.

बिनसाखरेचा
सगळ्यांचे आभार, पण माझा मूळ प्रश्न लोंबकळतोच आहे. तीनफुल्यांचं ‘फौजदार’ पदाच्या दृष्टीने पटलं. पण ‘फौजदार कोलिआंद्रो’ स्वतःच्या तोंडून म्हणून बघा. त्याची सगळी ऐट जाते.

पुस्तकातली_पाल
ऐट का जाते ते सांगते, उत्तर त्यातच आहे. त्याचा देव म्हणजे क्लिंट ईस्टवुडचा सॅन फ्रान्सिस्कोतला पोलीस. मूळ इंग्रजीत हॅरी कॅलहन. इटालियन डबिंगमध्ये तो ‘कॅलघन’ झाला, आणि १९७१च्या पहिल्या सिनेमाचं इटालियन नावच ‘इस्पेत्तोरे कॅलघन’ने सुरू होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांत तपास करणाऱ्या डिटेक्टिव्हच्या दर्जाला इन्स्पेक्टर म्हणत, म्हणून. १९८३च्या सिनेमाचं इटालियन नाव ‘कोराज्जो... फात्ती अम्मात्सारे’, म्हणजे साधारण ‘हिंमत कर... मर माझ्या हातून’. म्हणजे कोलिआंद्रो ‘इस्पेत्तोरे’ म्हणतो तेव्हा त्याच्या कानात कॅलघन वाजतो. क्वेस्तूरातल्या बाकीच्यांच्या कानात पगारपत्रकातला एक हुद्दा वाजतो. शब्द एकच, आणि विनोद त्या दोन कानांमधल्या फटीत.

तीनफुल्या
मग दोन्ही ठेवा! तो स्वतःची ओळख करून देताना कायम ‘इन्स्पेक्टर कोलिआंद्रो’. दुसरे त्याच्याबद्दल बोलताना ‘तो फौजदार’. दे झान साहेब नुसतं ‘कोलिआंद्रो!’ आणि ‘इन्स्पेक्टरसाहेब’ म्हणणारा अख्ख्या मालिकेत एकटा गार्जूलो.

वऱ्हाडी_ठेचा
‘इन्स्पेक्टरसायेब’. वऱ्हाडीत.

खिडकीतला
आणि सिनेमातले संवाद मारतो तिथे हिंदी करा. आपल्याकडेही पोलीस दम द्यायला लागला की मराठी सोडून हिंदीत शिरतो.

फोडणीचा_भात
हे आवडलं, पण जपून. इटलीत सिनेमे डब होतात, त्यामुळे तो आपल्याच भाषेतले संवाद फेकतो. परकी भाषा ऐकू येत नाही. सगळं हिंदी केलंत तर तो मुंबईचा होईल. भागाला एखादं, तेही तो पिस्तूल रोखून उभा आहे आणि खटका अडकलाय, अशा वेळी.

बिनसाखरेचा
ठरलं. पहिल्या भागाची चाचणी ओळ टाकतो, ठोका:

मुलगी: तू कोण?
कोलिआंद्रो: इन्स्पेक्टर कोलिआंद्रो.
मुलगी: म्हणजे फौजदार?
कोलिआंद्रो: ...च्यायला.

पुस्तकातली_पाल
मूळ भागात असा संवाद नाही हो.

चहा_कटिंग
नसू दे. झकास!